पदवीनंतरचे अठरा महिने

प्रश्न : सोलापुरातल्या एका ललित कला विभागात मी दोन वर्षांपासून शिकवतो. चित्रकला, नाट्य आणि संगीत मिळून दरवर्षी पंचवीस-तीस मुलं बाहेर पडतात. यंदा 'विद्यार्थी साहाय्य आणि माजी विद्यार्थी' हे खातं माझ्याकडे आलं आहे. वरून प्लेसमेंटचा तक्ता भरायला सांगतात. नोकऱ्या फारशा नाहीत. ज्यांना मिळतात त्यांचा कलेशी संबंध राहत नाही. विभागाकडे पैसे जेमतेम. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सर, तक्ता भरून टाका. तो भरावाच लागतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट शेवटी सांगते, आधी खरं काम.

मी एकवीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली शेवटची अकरा वर्षं हे खातं माझ्याकडे होतं. पहिल्या वर्षी मी काय केलं? माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घेतला. प्रमुख पाहुणे, शाल, नारळ, समोसा, ग्रुप फोटो. ज्यांचं बरं चाललं होतं तीच मुलं आली. ज्यांचं अडलं होतं त्यांतलं एकही फिरकलं नाही. 'सध्या काय करतोस?' याला उत्तर नसलेलं पोर मेळाव्याला कशाला येईल? भाषणांमध्ये नेहमीची नावं येऊन गेली : चित्रकार हुसेन पंढरपूरचे, नागराज मंजुळे करमाळ्याच्या जेऊरचे, अतुल कुलकर्णी इथल्या नाट्यसंस्थेतून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. सगळं खरं आहे, अभिमानही आहे. पण घरभाड्याच्या काळजीत असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला या नावांनी धीर येत नाही, उलट दडपण येतं.

मग मे महिन्यात जुनी हजेरीपत्रकं घेऊन बसले आणि मागच्या पाच वर्षांतल्या मुलांना एकेक करून फोन लावले. बरेच नंबर बदललेले. जे लागले त्यांना तीनच प्रश्न : शेवटचं काम कधी केलंस, थांबलास का, आणि थांबलास तो नेमका कशानं? 'मला जमत नव्हतं' असं एकानंही सांगितलं नाही. 'घरी कॅनव्हास उभा करायला भिंत नाही.' 'ग्राफिकचा (छापचित्रं काढायचा) प्रेस विभागात राहिला, मी बाहेर.' 'तालमीला आम्ही दोघंच उरलो.' 'मंडळाचं काम केलं, पैसे दिले नाहीत, मग बाबा म्हणाले बास आता.' अशी उत्तरं. फोनवर फोन झाले तसं लक्षात आलं की बहुतेक जण पहिल्या दीड वर्षात थांबले होते. दीड वर्ष टिकलेलं मूल पुढे आपली वाट काढत होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच : तुमचं खातं नोकरी लावण्याचं नाही, हे दीड वर्ष पार करून देण्याचं आहे. शेवटची परीक्षा संपते त्या दिवशी मुलाची जागा, हत्यारं आणि सोबत एकदम सुटते. त्यातलं काय आणि किती परत देता येतं, ते बघायचं.

जागेपासून सुरुवात करा, कारण तिला पैसे सगळ्यात कमी लागतात. आपल्याकडची घरं तुम्ही पाहिलीच असतील. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका खोलीत माग, दुसऱ्या खोलीत माणसं. माझी एक विद्यार्थिनी होती, तिची आई विड्या वळायची. सगळं घर म्हणजे एक लांबट खोली, दाराशी सूप, सुपात तेंदूपानं आणि तंबाखू. चारकोलमध्ये ही मुलगी फार ताकदीनं काम करायची. आईचे हातच काढायची, पानं कापणारे, दोरा गुंडाळणारे. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचा एक कागद उचलला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. कागदाला तंबाखूचा वास येत होता. मी म्हटलं, 'घरी काढलंय.' ते काही बोलले नाहीत, कागद खाली ठेवला आणि पुन्हा उचलून बराच वेळ बघत राहिले. पदवीनंतर तिचं काम सहा महिन्यांत बंद पडलं. कारण विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, आई म्हणती कोळशाची पूड पानांवर बसती.'

तेव्हा मी विभागात भांडून एक सोय करून घेतली : पदवीनंतर अठरा महिने, आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळी पाच ते आठ स्टुडिओ वापरायची लेखी परवानगी. वरिष्ठांच्या शंका ठरलेल्या असतात. चोरी झाली तर? अपघात झाला तर? वीजबिल? याची उत्तरं आधी कागदावर तयार ठेवा. ओळखपत्र, नोंदवही, हमीपत्र आणि महिन्याला थोडी वर्गणी. या सगळ्यात कळीचा माणूस म्हणजे तुमचे शिपाई मामा. त्यांना तीन तास जादा थांबायला लावून वर 'मुलांसाठी करा' म्हणू नका. वर्गणीतून त्यांचं मानधन काढा आणि ते पहिल्या तारखेला हातात द्या. आमची योजना कागदपत्रांपेक्षा मामांमुळे जास्त टिकली. कोण तीन आठवडे आलं नाही, हे तेच मला येऊन सांगायचे.

हत्यारांचं तसंच. एक लोखंडी कपाट करा. ड्रिल, ट्रायपॉड, घडीचे ईझल, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन साधे एलईडी लाइट, फ्रेम ठोकायचं सामान. अनामत घ्या आणि आठवडाभर वापरायला द्या. एखादी वस्तू मोडून येईल, एखादी येणारच नाही. ते धरूनच चाला.

आता पैशांचं. इथे जरा जास्त लिहिते, कारण मुलं सर्वांत जास्त इथेच पोळतात आणि आपण शिक्षक याच विषयात सर्वांत कच्चे असतो.

आधी माझी चूक कबूल करते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं कुणी भिंत रंगवायला, कार्यक्रमाच्या दारात रांगोळी काढायला मुलं मागितली की मी पाठवायची. 'अनुभव मिळेल' म्हणायची. चहा, वडापाव आणि प्रमाणपत्र. पुढे त्याच मुलांनी पदवी घेऊन त्याच लोकांकडे दर सांगितला, तर ते म्हणाले, 'कॉलेजची पोरं फुकट करतात की.' म्हणजे माझ्याच मुलांचा बाजार मीच पाडला होता. तेव्हापासून नियम केला : विभागाचं नाव लावून कुणी बाहेरचं काम करणार असेल तर ते पैसे घेऊनच करेल, मग पाचशे का असेना.

सोलापुरात काम नाही असं आपण फार सहज म्हणतो. चादर, टॉवेल, वॉल हँगिंग, शाळांचे गणवेश, या सगळ्याला नक्षी, लेबल, कॅटलॉग, फोटो लागतात. पण कारखानदाराची आणि आपल्या मुलांची भाषा जुळत नाही. आमचा एक मुलगा, साखर पेठेतला, वडील मागावरच. त्यानं चादरीसाठी जलरंगात सुंदर मोर काढला, पिसाऱ्यात निळ्याच्या सात छटा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही तो घेऊन गेलो. तिथल्या डिझाइन मास्टरांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि विचारलं, 'ह्यातले रंग मागावर कुठनं आणू?' मग त्यांनी त्याला शेजारी बसवून दाखवलं. जेकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, ती चौकटीच्या कागदावर मांडावी लागते. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट : धागा वर की खाली, दोनच उत्तरं. पूर्वी त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडून त्यांची माळ शिवायचे, आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर फाइल होते. छटा हवी तर रंग वाढवायचा नाही, विणीतूनच दाट-विरळ करायचं. 'मोर अर्धा काढ,' मास्टर म्हणाले, 'उरलेला अर्धा माग उलटा करून घेतो. आन् कोपऱ्यात किनार वळती कशी ते आधी सोडव.' त्या मुलाला त्या एका दुपारी जे कळलं ते मी तीन वर्षांत सांगू शकले नव्हते.

आता नव्या अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आली आहे, चार श्रेयांक, १२० तास. बहुतेक विभागांत ती कुठल्या तरी ओळखीच्या स्टुडिओचा शिक्का मारून संपते. तुम्ही तसं होऊ देऊ नका. मुलाला अशा मास्टरांच्या शेजारी बसवा. नाट्यवाल्यांना मंडप-लाइटवाल्यांकडे पाठवा, संगीतवाल्यांना रेकॉर्डिंग स्टुडिओत. 'कमवा व शिका'चे तासही झाडांना पाणी घालण्यात घालवण्यापेक्षा विभागाच्या कामांचे फोटो काढणं, प्रयोगाचे लाइट लावणं, जुन्या चित्रांची नोंद करणं यासाठी मंजूर करून घेता येतात का, ते बघा. आमच्याकडे विनंतीचं पत्र तीनदा परत आलं, चौथ्यांदा मान्य झालं.

त्या मोरवाल्या मुलाची पुढची गोष्ट मात्र अशी गोड नाही. मुलानं दुसरी नक्षी एकाला विकली. तोंडी व्यवहार, हातात थोडे पैसे. पुढच्या जानेवारीत तो मला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर घेऊन गेला आणि एका स्टॉलपाशी थांबला. त्याची नक्षी चार रंगांत टांगलेली. 'मॅडम, ही माझी,' एवढंच म्हणाला. स्टॉलवाल्याला काय माहीत. आम्ही एक चादर विकत घेऊन परत आलो. ती अजून माझ्याकडे आहे.

या प्रकरणानंतर मी कायदा वाचला. तो तुमच्या मुलांना दुसऱ्या वर्षातच सांगा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मुलांना एवढंच माहीत असतं आणि ती निर्धास्त राहतात. पण चादरीवर, टॉवेलवर विणायची नक्षी 'डिझाइन' ठरते. तिची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली करता येत असून केली नाही, तर त्या नक्षीच्या ५० पेक्षा जास्त वस्तू यंत्रावर निघाल्या की कॉपीराइटच संपतो. पन्नास चादरी म्हणजे कारखान्याला किती! शिवाय नोंदणी करायची तर नक्षी आधी कुठे प्रसिद्ध झालेली चालत नाही. हौसेनं इन्स्टाग्रामवर टाकली की ती नवी राहिली नाही. नोंदणी झाली तर १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे आणखी ५ वाढवता येतात. प्रत्येक नक्षीची नोंदणी करणं कुठल्याच मुलाला परवडणार नाही, हे मलाही कळतं. त्यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच निघते : नक्षी हातात देतानाच तिचे पूर्ण पैसे घ्या, नंतर हक्क सांगायला फारसं हातात राहत नाही.

चित्रांचं वेगळं. कुणी पैसे देऊन पोर्ट्रेट काढून घेतलं, फोटो काढून घेतले, आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर त्याचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा होतो. हे ऐकून मुलं दचकतात. म्हणून एक ओळ लिहून घ्यायची. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच लागतात, आणि कागदावर मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात. आणि एक हक्क असा आहे जो विकल्यानंतरही कलाकाराकडे राहतो : आपलं नाव लावण्याचा आणि कामाची मोडतोड होऊ न देण्याचा. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनं काढून टाकलं होतं. त्यांनी दावा लावला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेलं शिल्प परत करायला आणि वर ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. चौरस फुटाच्या दरानं भिंती रंगवणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगते. दर त्यानं वाढत नाही, पण भिंतीच्या कोपऱ्यात सही करायची लाज जाते.

आम्ही एक पानाचा मराठी छापील कागद केला होता, 'कामाचा कागद' म्हणायचो. काम काय, केव्हा द्यायचं, किती वेळा बदल करून देणार, पैसे किती, आगाऊ किती, नाव कुठे लागणार, हक्क कुणाकडे. दोन सह्या. तालुक्यातल्या मुलांना तो दाखवायला सुरुवातीला संकोच वाटतो. 'ओळखीतलेच आहेत' म्हणतात. पैसे ओळखीतच बुडतात. गणपती मंडळाचा देखावा केला तर अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी. 'विसर्जनानंतर बघू' म्हणालं कुणी तर काम घेऊ नका. विसर्जनानंतर मंडळाकडे उत्साह राहिलेला नसतो आणि वर्गणीही.

बिल करायला शिकवा. नाव, पत्ता, पॅन, बँक खातं, कामाचं वर्णन, तारीख, क्रमांक. दहा मिनिटांचं काम आहे, पण पदवीधर मुलांना येत नाही. मोठी संस्था व्यावसायिक कामाच्या बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापते, पॅन दिला नाही तर २०. मुलं समजतात तेवढे पैसे गेले. गेलेले नसतात. उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. मी दर जुलैमध्ये ओळखीच्या एका सीएंना दोन तास बोलवायची आणि मुलं लॅपटॉप घेऊन रांगेत बसायची.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. तिचा फायदा असा की नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर केला तर देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. कारखानदार चित्रकाराचं ऐकत नाही, पण आपल्या सीएचं ऐकतो. बिलाच्या वर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्चमध्ये त्यांचाच फोन येतो, 'तुमचं एक बिल राहिलंय बघा.' ही मी कल्पना करून सांगत नाही, माझ्यासमोर झालं आहे.

नाट्याच्या मुलांबद्दल. मी रंगमंचावरची नाही, तेव्हा अभिनयावर बोलत नाही. पण हुतात्मा स्मृती मंदिर या आपल्या नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या काळात मागे जाऊन बसायची मला सवय होती. तिथे शिडीवर चढून, तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून स्पॉट फिरवणारा एक मुलगा होता. अभिनयात त्याला कधी बक्षीस मिळालं नाही. आज त्याच्या वर्गातला तो एकच प्रकाशयोजनेवर घर चालवतो. सगळी मुलं अभिनयाच्या रांगेत उभी राहतात. प्रकाश, नेपथ्य, ध्वनी, वेशभूषा याला माणसं मिळत नाहीत, आणि नाटक नसलेल्या महिन्यात लग्नं, संमेलनं, शाळांची स्नेहसंमेलनं असतातच. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रयोग विंगेत आणि एक शिडीवर काढायला लावा.

दुसरं म्हणजे पुरावे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी पदवी तर लागतेच, शिवाय किमान सहा नाटकांत भाग घेतल्याचं दाखवावं लागतं. आपल्याकडे मुलानं दहा नाटकं केलेली असतात आणि हातात एकाचंही पत्रक नसतं. विभागाच्या प्रत्येक प्रयोगानंतर, युवा महोत्सवातल्या एकांकिकेनंतरही, नाव-भूमिका-तारीख लिहिलेला सहीचा दाखला त्याच आठवड्यात द्या. नंतर द्यायला दिग्दर्शक सापडत नाही.

मुलींच्या तालमी रात्री ठेवू नका. हे साधं वाटतं, पण आमच्याकडे नाटक सोडलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी तालमीच्या वेळेपायी सोडलं होतं. दुपारी तीन ते सात ठेवलं की घरचे सोडतात. मी काहींच्या आईला तालमीला आणून बसवलं. एक आई कोपऱ्यात भाजी निवडत बसायची आणि प्रॉम्प्टरच्या आधी मुलीचं वाक्य पुरवायची.

भाषेचंही एक. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं निम्म्याच्या वर असतात. त्यांच्या तोंडचं 'काय बे' आपण आधी घासून काढतो आणि मग पुण्याच्या मुलासारखं बोलायला शिकवतो. प्रमाण मराठी यायला हवीच, पण त्यांची घरची भाषा ही त्यांची कमाईची जागा आहे. हैदराबाद, विजापूर, कलबुर्गी आपल्याला मुंबईपेक्षा जवळ आहे. आमच्या एका मुलीनं तेलुगूत डबिंग सुरू केलं ते तिच्या आजीच्या जोरावर.

संगीतवाल्यांची मला सर्वांत कमी काळजी वाटायची. शिकवण्या लगेच मिळतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांमुळे विद्यार्थी टिकून राहतात. फक्त सहा-सहा शिकवण्या घेतल्यावर स्वतःचा रियाज संपतो, तेवढं त्यांच्या मागे लागा. चित्रकलेतही तीच गत. शासकीय चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ जादा गुण, बीला ५, सीला ३, त्यामुळे ड्रॉइंगच्या क्लासला मरण नाही. चांगला भाकरीचा धंदा आहे. शाळेतल्या कायम जागेची वाट बघत बसू नका म्हणावं. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलेला अंशकालीन निदेशक असावा असं म्हटलं आहे, पण कागदावरची जागा आणि भरलेली जागा यात अंतर असतं. शिवाय शाळेला कला शिक्षकाची वेगळी पदविका लागते, नुसती बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, बहुधा चालत नाही. हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं. आपण ते तिसऱ्या वर्षी सांगतो.

शिष्यवृत्त्यांची माहिती फलकावर लावून काही होत नाही. एक दुपार ठरवा आणि सगळ्यांना कागद घेऊन बसवा. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे, अर्ज अडतात ते नावात. आधारवर एक स्पेलिंग, गुणपत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरं, आणि तेलुगू आडनावांचं तर काही विचारू नका. जूनमध्येच ते जुळवून घ्या. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. तिला गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो, तो मुलं शेवटच्या दिवशी मागायला येतात. २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आहे, महिन्याला १०,०००, तीही दोन वर्षं, पण तिला प्रकल्प लिहावा लागतो. प्रकल्प लिहिणं ही आपल्या मुलांची दुखरी जागा. 'मला लहानपणापासून कलेची आवड' असं सुरू होतं. मी पहिली तीन वाक्यं खोडायची आणि विचारायची, 'काय करणार, कुठे करणार, कुणाला भेटणार?' तेवढ्या उत्तरातून प्रकल्प तयार होतो.

तिथेच एक गोष्ट : कामाचे फोटो. मुलांकडे चार वर्षांचं काम असतं आणि धड एक फोटो नसतो. ट्यूबलाइट चमकलेली, कडा तिरक्या, खाली मित्राचे पाय. सकाळी नऊच्या आत, सावलीतल्या भिंतीला चित्र टेकवून, मोबाइल चित्राच्या बरोबर मध्यावर धरून, फ्लॅश बंद करून काढला तरी पुरतो. खाली माध्यम, मापं, वर्ष. पदवीप्रदर्शन उतरवायच्या आधी एक दिवस फक्त यासाठी ठेवा.

प्रदर्शनांना पाठवायचं तर राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो, तो विद्यार्थी असेतोवरच. सोलापूरच्या मुलाला प्रवेशशुल्काहून फ्रेम आणि वाहतूक महाग पडते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चार बाय तीनचा कॅनव्हास उभा धरून रात्रभर गेलेली मुलं मी पाहिली आहेत. सगळ्यांची चित्रं एकाच लाकडी पेटीत एकत्र पाठवली तर खर्च विभागला जातो. एवढा खर्च विभागानं उचलावा. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून देणगी मागू नका, त्यांच्याकडेही नसते. मुलाखतीला आलेल्या धाकट्याला आठवडाभर झोपायला जागा द्याल का, एवढंच विचारा. याला आम्हाला फार क्वचित कुणी नाही म्हटलं.

यंदा तुम्ही सगळं करायला जाऊ नका. जूनमध्ये फोन, जुलैत सीए आणि उद्यम, दिवाळीच्या आत स्टुडिओची परवानगी आणि कपाट. एवढ्यात वर्ष जातं. आणि गणपतीपूर्वी तो कामाचा कागद छापून घ्या, मुलांना लगेच लागेल.

आता तक्त्याचं. त्यात 'स्वयंरोजगार' असा रकाना असतो आणि आपण तो रिकामा सोडतो, कारण पुरावा नसतो. तपासणीला समिती येते, विचारते, आपण तोंडी सांगतो की मुलं छान काम करतायत, आणि ते धरलं जात नाही. मी प्रत्येक मुलाच्या नावानं एक पातळ फाइल केली होती. केलेल्या बिलाची प्रत, उद्यमचं प्रमाणपत्र, प्रयोगाचं पत्रक, कामाचा फोटो. त्यावर समितीनं कधी शंका काढली नाही. झेरॉक्स मात्र कामं होतील तशा लगेच मागत जा. दोन वर्षांनी मागितल्या तर मुलं देत नाहीत, त्यांच्याकडे त्या राहिलेल्याच नसतात.